वरच्या खोलीत मैफल रेकॉर्ड करायची तर

आमच्या रामबागेत सकाळी आठच्या आत कचरागाडी येते, आणि गात येते. इंदूर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं येतंय याचा अभिमान मलाही आहे. पण गाडीवरच्या भोंग्याचं ते गाणं माझ्या तीन रेकॉर्डिंगांत शिरलंय, आणि एका ललत रागाच्या मागे तर असं बसलंय की ऐकणाऱ्याला वाटावं, मुद्दाम घेतलंय.

हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्या घरात एक रिकामी खोली आहे, गाणारं माणूस आहे, पेटी-तबल्याची साथ मिळू शकते आणि त्याचं नीट रेकॉर्डिंग हवंय. ख्याल, नाट्यगीत, अभंग, भावगीत, काहीही. एकेक वाद्य वेगळं घेऊन, मेट्रोनोमची टिकटिक लावून गाणं रचणाऱ्यांसाठी पुढे एक परिच्छेद आहे, पण तेवढाच. त्यांना सल्ला द्यायला जग बसलंय. आपल्या बैठकीच्या गाण्याला तोच सल्ला जसाच्या तसा लावला की गडबड होते. तबलजीला गाणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे, पेटीवाल्याला मुखडा घेण्याआधीचा तो श्वास ऐकू आला पाहिजे. म्हणून आधी बैठक ठरवायची. माइक, खोली, वेळ, सगळं त्या बैठकीच्या मागून येतं.

ही काही माझी अक्कल नाही. १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जानचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा माइक नव्हताच, एक कर्णा होता. कोण कर्ण्याच्या किती जवळ बसतं, हेच तेव्हाचं मिक्सिंग. विजेवरचं रेकॉर्डिंग आलं १९२५ मध्ये. तोवर जगातल्या जवळजवळ सगळ्या तबकड्या नुसतं कुणाला पुढे, कुणाला मागे बसवून निघाल्या. ते डोक्यात ठेवलं तर निम्मे प्रश्न सामान न घेताच सुटतात.

खोली

माझी खोली चौदा बाय अकरा, आणि घर जुनं असल्यामुळे उंचीही अकरा फूट. बघणारे म्हणतात, वा, काय मोकळी खोली! मीही तेच म्हणत होते. मग काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गाणारा एक मित्र आला आणि मंद्रात, खालच्या सप्तकात, उतरला. षड्ज ठीक, निषाद-धैवत ठीक, आणि पंचमावर खोली एकदम फुगली, घागरीत तोंड घालून गावं तशी. मी माइक बदलून बघितला. फुगणं तेच.

कारण समजून घ्या, कारण हे तुमच्याही खोलीत होणार. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज ये-जा करतो आणि काही ठरावीक कंपनसंख्यांना तिथेच साठून राहतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीनं त्याला भागा. अकरा फूट म्हणजे ३.३५ मीटर, म्हणून पहिला आकडा येतो ५१ हर्ट्झ, आणि त्याची दुप्पट १०२. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३९च्या जवळ, त्याचा मंद्र पंचम १०४. झालं! शिवाय माझ्या खोलीची रुंदी आणि उंची सारखीच, म्हणजे तो फुगवटा दोन दिशांनी येऊन एकाच स्वरावर बसतो. लांबी, रुंदी, उंची यांतली कुठलीही दोन मापं सारखी नसलेली खोली मिळत असेल तर तीच निवडा, छोटी असली तरी.

मला खोली बदलता येत नव्हती, माणूस हलवता येत होता. त्या १०२चा जोर खोलीच्या बरोबर मध्यावर आणि भिंतीलगत सगळ्यात जास्त असतो, आणि भिंतीपासून पाव अंतरावर सगळ्यात कमी. अकरा फुटांचा पाव म्हणजे पावणेतीन फूट. मी गादी मधून उचलून बाजूच्या भिंतीपासून तीन फुटांवर टाकली आणि त्या भिंतीवर जाड रजई टांगली. पंचम जागेवर आला. पैसा लागला नाही. आपली मात्र सवय अशी की गायकाला देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखं खोलीच्या मधोमध बसवायचं.

गणित नको असेल तर खर्जापासून हळूहळू आकार लावत वर या आणि कुठला स्वर विनाकारण मोठा होतो ते पाहा. मग तोच स्वर धरून खोलीत दोन-दोन फूट सरका. जिथे तो इतरांसारखा वाटेल, तिथे गादी.

दुसरी परीक्षा टाळीची. एक टाळी वाजवा. मागे पत्र्यासारखी ‘झिंग’ आली तर दोन उघड्या भिंती एकमेकींशी बोलताहेत. एकीवर काहीतरी मऊ आणि जाड लावा. खाली लादी किंवा कोटा फरशी असेल तर सतरंजी, तिच्यावर गालिचा. अंड्यांचे ट्रे लावू नका, त्यांनी फक्त खोली कुक्कुटपालन केंद्रासारखी दिसते. एक इंची फोमही वरचा चकाकणारा आवाज खातो आणि खालचा फुगवटा तसाच ठेवतो, मग रेकॉर्डिंग ब्लँकेटमधून बोलल्यासारखं येतं. खर्च करायचाच असेल तर दोन इंची रॉकवूलचे चार बाय दोनचे तुकडे घ्या, सुताराकडून लाकडी चौकटी करून घ्या, वरून मांजरपाट ताणून बसवा. कापडासाठी आपलं एम. टी. क्लॉथ मार्केट आहेच. चौकट भिंतीला चिकटवू नका, मागे दोन इंच पोकळी सोडा, त्या पोकळीनं खालचे स्वरही थोडे शोषले जातात. असे चार पुरेत. सगळ्या भिंती झाकल्या तर खोली मरते आणि तंबोऱ्याची जवारी, तारांचा तो गुंजणारा नाद, बोलेनाशी होते. एक भिंत पुस्तकांच्या कपाटाला द्या.

वेळ

एका साध्या दिवशी खोलीत माइक लावून दर तासाला एक मिनिट शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर आवाज वाढवून ऐका. कानाला न ऐकू येणारं सगळं त्यात सापडतं: भिंतीवरचं घड्याळ, ट्यूबलाइटचा चोक, पलीकडच्या खोलीतला फ्रीज, इन्व्हर्टरची घरघर. मग बाहेरचं. आमच्या गल्लीत नर्मदेचं पाणी आलं की घराघरांतल्या मोटारी एकदम सुरू होतात, त्या दोन तासांत पेटीचा डबा उघडण्यातही अर्थ नाही. दुपारी शांत वाटतं, पण उन्हाळ्यात शेजारचा कूलर आणि कोकीळ. कोकीळ एक वेळ चालेल, कूलर नाही.

माझी वेळ रात्री साडेदहा ते एक. दहानंतर लाउडस्पीकरला कायद्यानं बंदी आहे, लग्नाच्या वरातीही शक्यतो आवरत्या घेतात. सराफ्यात तेव्हा खाणाऱ्यांची गर्दी असते, पण रामबाग झोपलेली. माळव्याची रात्र मे महिन्यातही जरा गार होते, पंखा बंद करून माणूस तासभर बसू शकतो. बागेश्री, मालकंस यांना ही वेळ रागाप्रमाणेही बरोबर पडते. भैरव-ललत घ्यायचा असेल तर पहाटे साडेचारला जमा आणि साडेसहाला गुंडाळा. साडेसहाच, कारण मग कोण येतं ते वर सांगितलंय.

फ्रीज बंद करायचा आणि पुन्हा सुरू करायला विसरायचं नाही, यासाठी माझी एक युक्ती आहे. बटण बंद करतानाच चहा-पत्तीचा डबा फ्रीजमध्ये ठेवते. रेकॉर्डिंग संपलं की पहिला आवाज येतो, “चहा टाक गं!” डबा शोधत फ्रीजपर्यंत जावंच लागतं. त्याआधी दोनदा दही गेलंय माझं.

सामान, पण थोडंच

चार माइक लावता येतील असा इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारं यंत्र, घ्या. दोनच जागांचा स्वस्त पडतो, पण तीन माणसं बसली की सहा महिन्यांत पुन्हा दुकानात जावं लागतं. त्यावर ४८ व्होल्टचं फँटम पॉवरचं बटण असतंच, ते केबलमधून माइकला वीज देतं. कंडेन्सर जातीच्या नाजूक माइकला ती लागते, दणकट डायनॅमिकला नाही. गाण्यासाठी मोठ्या पडद्याचा (डायफ्रामचा) कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त ऐकणारा, कंडेन्सर, तंबोऱ्यासाठी छोट्या पडद्याचा कंडेन्सर, तबला आणि पेटीसाठी दोन डायनॅमिक. शुअर एसएम ५७ हा डायनॅमिक माइक १९६५ पासून चाललाय आणि तबल्याच्या फटक्याला घाबरत नाही. यूएसबी माइक घेऊ नका. एकटा बोलणाऱ्यासाठी तो ठीक, पण त्याच्या शेजारी दुसरा जोडायचा म्हटलं की संगणक रुसतो.

माइकपेक्षा स्टँडवर पैसे जास्त खर्च करा, हे मी फार उशिरा शिकले. आपण जमिनीवर बसतो, बाजारातले बरेचसे स्टँड उभ्या माणसासाठी. आडवा दांडा असलेला, खालपर्यंत उतरणारा, पायाशी जड असा हवा. तबल्यावर झुकवलेला माइक तिहाईच्या ऐन समेवर हळूच खाली वाकताना मी पाहिलाय. केबल पाच-पाच मीटरच्या. हेडफोन कान पूर्ण झाकणारे, नाहीतर त्यातला तंबोरा गाण्याच्या माइकमध्ये झिरपतो. सॉफ्टवेअर म्हणून मी रीपर वापरते, ते साठ दिवस फुकट वापरून बघता येतं. पावसाळ्यात कंडेन्सर डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.

आणि वायरिंग. जुन्या घरात तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थिंग असतंच असं नाही. हेडफोनमध्ये ५० हर्ट्झची जाड गुणगुण आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गेली तर तेच. न गेल्यास इलेक्ट्रिशियन बोलवा. गुणगुण घालवायला म्हणून चार्जरची अर्थची पिन मोडण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

बैठक

आता मुख्य काम. मंचावर सगळे श्रोत्यांकडे तोंड करून बसतात. खोलीत श्रोते नाहीत, तेव्हा गाणारा आणि तबलजी यांना समोरासमोर बसवा, मध्ये पाच फूट अंतर ठेवून. कार्डिऑइड माइक समोरून सगळ्यात जास्त ऐकतो, बाजूनं जवळजवळ निम्मं आणि पाठीमागून अगदी कमी. गाण्याचा माइक गायकाकडे वळला की त्याची पाठ आपोआप तबल्याकडे होते. तबल्याचा माइक गायकाच्या बाजूनं आत झुकवला की त्याची पाठ गायकाकडे. दोन माइक पाठीला पाठ लावून बसले, इतकं करून गाण्यातला तबला जेवढा कमी होतो तेवढा कुठल्याही सॉफ्टवेअरनं होत नाही. पेटी काटकोनात, दोघांच्या मध्ये बाजूला. तिन्ही चेहरे तिघांना दिसतात.

गाण्याचा माइक तोंडापासून एक वीत ते दीड वीत. अगदी तोंडासमोर नको. नाकाच्या किंचित वर ठेवून खाली झुकवा, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’चा वारा त्याच्या खालून निघून जातो. तरीही मध्ये जाळी लावाच. भरतकामाच्या रिंगणात नायलॉनचा जुना मोजा ताणून बसवला तरी तेच काम होतं. ताना घेताना गाणारी माणसं पुढे-मागे होतात, विशेषतः आमच्याकडे येणाऱ्या एक ताई, त्या तारसप्तकात गेल्या की जवळपास पेटीवर पोचतात. त्यांना “हलू नका” म्हटलं की गाणं आखडतं. मी फक्त गादीची पुढची कड खडूनं आखून ठेवते आणि माइक दोन बोटं मागे घेते.

एक अंगवळणी पडणारा हिशेब: गाण्याचा माइक गायकापासून जितका लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतर दुसऱ्या माइकपर्यंत हवं. एक वीत असेल तर तीन विती. याहून जवळ आले तर तोच आवाज दोन माइकमध्ये थोड्या वेळेच्या फरकानं येतो आणि दोन्ही एकत्र वाजवले की पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो.

तबल्यावर एकच डायनॅमिक माइक, तबला आणि डग्ग्याच्या मध्ये, एक हात उंचीवर, शाईकडे किंचित वळवलेला. डग्गा कमी वाटला तर आवाज वाढवण्याआधी माइक चार बोटं डग्ग्याकडे सरकवा. अगदी जवळ नेला तर चाटेचा ‘ना’ सुईसारखा टोचतो आणि खोलीतला गोलावा जातो.

पेटीशी मी सगळ्यात जास्त झगडलेय. भाता श्रोत्याच्या बाजूला असतो, म्हणून समोरून माइक लावला की स्वरापेक्षा हवेचा सुस्कारा जास्त येतो. माइक वाजवणाऱ्याच्या उजव्या खांद्याच्या बाजूनं, वरून, दोन-सव्वादोन फुटांवरून पट्ट्यांकडे बघणारा ठेवा. पट्ट्यांची खटखट येत असेल तर आणखी उंच न्या. जुन्या पेटीचे खिळखिळे स्टॉप कागदाची घडी घालून घट्ट करा, नाहीतर प्रत्येक स्वराच्या मागे एक लाकडी टकटक.

तंबोरा गायकाच्या मागे, बाजूला. माइक घोडीच्या दिशेनं, दीड फुटावरून. वाजवणाऱ्याच्या हातातल्या बांगड्या काढून ठेवायला सांगा. हे सांगायला सगळे विसरतात, मीसुद्धा.

सूर

पेटी तिथल्या तिथे बदलता येत नाही, म्हणून बाकी सगळे पेटीला मिळवायचे. पेटी मध्यम भात्यावर धरून षड्ज लावा, कारण भात्याचा दाब बदलला की स्वरही केसभर हलतो. मोबाइलवरचा तंबोरा वापरणार असाल तर नुसतं ‘काळी एक’ निवडून थांबू नका. जुन्या पेट्यांचा षड्ज अ‍ॅपमधल्या षड्जाशी क्वचितच तंतोतंत जुळतो. बारीक चढ-उतार करायची सोय अ‍ॅपमध्ये असते, दोन स्वर एकत्र लावले की ‘वाँव-वाँव’ असे हेलकावे येतात, ते थांबेपर्यंत सरकवा.

आता माझी फजिती. मे महिना, खोलीत कूलर, तबलजी दादांनी आल्या आल्या हातोडी घेऊन तबला मिळवला, आणि मी रेकॉर्डिंगसाठी कूलर बंद केला. कूलरच्या ओल्या हवेत सैल पडलेली तबल्याची पुडी, म्हणजे चामडं, कोरड्या खोलीत ताणत गेली. विलंबित संपेपर्यंत तबला चढलेला, आणि आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण तो एकेक केस चढत होता. दुसऱ्या दिवशी ऐकलं तेव्हा पहिल्या आवर्तनाचा तबला आणि शेवटच्याचा, दोन वेगळ्या घरचे. तेव्हापासून नियम: कूलर अर्धा तास आधी बंद, मग पेटी, मग तंबोरा, सगळ्यात शेवटी तबला. दर बंदिशीनंतर पुन्हा तपासायचा. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं, ओलसर हवेनं पुडी उतरते आणि डग्गा भिजल्यासारखा वाजतो.

लाल बटण दाबण्यापूर्वी

प्रत्येक माइकच्या जाळीवर नखानं हलकेच खरवडा आणि पडद्यावर कुठला ट्रॅक हलतो ते पाहा. वेडगळ वाटेल, पण मी एक अख्खी संध्याकाळ, तीन कलाकार, दोन राग आणि एक नाट्यगीत, लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकवर रेकॉर्ड केलेली आहे. इंटरफेसची केबल सैल होती, सॉफ्टवेअरनं गुपचूप दुसरा माइक धरला, आणि पडद्यावर रेघा छान नाचत होत्या.

सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. एका ट्रॅकला मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर जागा लागते, चार ट्रॅकच्या तासाला सुमारे दोन जीबी. तेवढी मोकळी आहे का ते बघा आणि लॅपटॉपची झोपायची सेटिंग बंद करा.

लेव्हल लावताना तबलजीला म्हणा, सगळ्यात जोराची तिहाई वाजवा. गायकाला म्हणा, तार पंचम लावा. त्या शिखराला मीटर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. माणसं तपासणीत अदबीनं गातात आणि खऱ्या गाण्यात मोकळी होतात, त्यासाठी ही जागा सोडायची. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि तो शिवता येत नाही. २४ बिटमध्ये हळू आवाज नंतर वाढवला तरी खरखर वाढत नाही म्हणण्याइतकी कमी असते, तेव्हा भिण्याचं कारण नाही.

हेडफोन कोणाला? खरा तंबोरा असेल तर कोणालाच नाही. अ‍ॅपचा तंबोरा असेल तर तो स्पीकरवर लावू नका, थेट वेगळ्या ट्रॅकवर घ्या आणि तिघांना हेडफोनमधून द्या, एक कान उघडा ठेवून. याचा मोठा फायदा पुढे कापाकापीत होतो. गायकाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतोय असं वाटलं तर सॉफ्टवेअरमधला बफर (संगणक एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा साठवून पुढे देतो तो) १२८ नमुन्यांवर आणा, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला एका बफरला पावणेतीन मिलिसेकंदांहून कमी वेळ लागतो. त्याहून चांगलं म्हणजे इंटरफेसवरचं थेट ऐकायचं बटण.

रेकॉर्डिंग

टिकटिक लावायची का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. ख्यालगायक अमीर खाँसाहेबांच्या गावात, इंदुरात, हा प्रश्न विचारायलाच नको होता. त्यांचा झुमरा तालातला अतिविलंबित, अगदी संथ लयीचा ख्याल ऐका. मात्रा मोजायला गेलात तर हाती लागत नाही, आणि सम मात्र जिथल्या तिथे येते. लय तबलजी सांभाळतो आणि गाणारा तिला हळूहळू वर नेतो, ती तशी चढलीच पाहिजे. एकदा मी एका अभंगाला हौसेनं टिकटिक लावली होती. दुसऱ्या अंतऱ्याला पेटीवाले काका थांबले, “अगं, ती बंद कर. माझा भाता तिच्याशी भांडतोय.”

वेगवेगळी वाद्यं थरावर थर चढवून करायचं गाणं असेल, मधल्या सुरावटी कीबोर्डवर ठरलेल्या असतील, तर मात्र टिकटिक हवीच. आधी पेटी आणि कच्चा आवाज तिच्यावर घ्या, मग तबला, मग बाकीची वाद्यं, आणि खरा आवाज सर्वांत शेवटी.

बैठकीचं गाणं पूर्ण गाऊ द्या. चूक झाली की थांबवायचं नाही. दोन पूर्ण टेक, फार तर तीन. चौथ्यात गळा थकतो आणि तबलजी घड्याळ बघायला लागतो. सुरुवातीला अर्धा मिनिट नुसता तंबोरा आणि शेवटी शेवटच्या स्वराची रेंगाळणारी आस पूर्ण विझेपर्यंत कोणी हलायचं नाही, “वा” म्हणायचं नाही. हे दुसरं सांगून उपयोग होत नाही, आमच्याकडे समेवर “क्या बात है!” निघतंच. पहिल्या टेकला ते राहू द्या.

गाण्याच्या आधी सेव-जीरावन नको, एवढं एक इंदुरी पथ्य. पोहे नंतर.

आणि चहाच्या आधी कॉपी. फोल्डरला तारीख, राग, ताल, पट्टी असं नाव द्या आणि दुसऱ्या डिस्कवर टाका, मगच डबा काढायला उठा.

कापणं आणि मिक्स

जोडायचंच असेल तर दोन टेकचा सांधा समेवर घ्या, आणि दोन्हीकडे लय तीच आहे का ते बघून घ्या. तबल्याच्या ‘धा’च्या किंचित आधी कापलं की तो ‘धा’ सांधा झाकतो. खरा तंबोरा मागे वाजत असेल तर त्याची आस तिथे तुटते आणि कान अडखळतो. सांध्यावर दोन्ही बाजू एकमेकींत विरवा, तरी फसला तर तो टेक अखंड ठेवा. अ‍ॅपचा तंबोरा वेगळ्या ट्रॅकवर असला की ही अडचण येतच नाही, तो न कापता वाहू द्यायचा.

मिक्समध्ये आधी सगळं एकत्र वाजवून आवाजांची उंची लावा, एकही उपकरण न लावता. बैठक नीट बसली असेल तर इथेच ऐंशी टक्के काम झालेलं असतं. तंबोरा पूर्ण बंद करा आणि हळूहळू वर आणा, बंद केल्यावर चुकल्यासारखं वाटेल एवढाच ठेवा. गाण्यातून ८० हर्ट्झच्या खालचं कापलं तर पावलांची आणि रस्त्याची घरघर जाते. डग्ग्याला मात्र ते कापू नका, त्याची घुमक तिथेच राहते. काँप्रेसर (जोराचा आवाज आपोआप दाबणारं साधन) लावलाच तर दोनास एक, आणि दोन-तीन डेसिबलहून जास्त दाबू नका. मी तर बहुतेक वेळा आलापाचा भाग हातानंच दीड-दोन डेसिबल उचलते. घुमारा (रिव्हर्ब) एकच, सगळ्यांना तोच, दीड सेकंदाच्या आसपास. माणसं एका खोलीत बसली होती, त्यांना चार वेगळ्या देवळांत पाठवायचं नाही.

एकदा मोनोमध्ये, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, ऐका. एखादं वाद्य अचानक बारीक झालं तर दोन माइक एकमेकांना खाताहेत. मग मोबाइलच्या स्पीकरवर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री दोनला केलेलं मिक्स सकाळी कधीच तेवढं चांगलं नसतं.

बाहेर देताना

स्पॉटिफाय आवाजाची पातळी उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास आणतं. ख्यालासाठी मी उणे १६वर थांबते, शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देत नाही. जास्त दाबून दिलं तर ते तिथे खाली आणतात आणि आलाप-द्रुतातला फरक फुकट जातो.

संतांचा अभंग शब्द म्हणून कोणाच्याही मालकीचा नाही, पण ज्या चालीत तो आपल्या कानात बसलाय ती चाल बहुतेक वेळा एखाद्या संगीतकाराची असते. आपल्याकडे हा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं टिकतो. पारंपरिक बंदिश किंवा स्वतःची चाल असेल तर प्रश्न नाही, नाहीतर आधी परवानगी. साथीदारांशी पैशांचं आणि नावाचं आधीच बोला, आणि वर्णनात तबला, पेटी, तंबोरा सगळ्यांची नावं घाला. रेकॉर्डिंग त्यांचंही आहे.

लिंक पाठवली की काम झालं असं समजू नका. आमचे पेटीवाले काका लिंक उघडत नाहीत. त्यांना पेनड्राइव्हवर ३२० केबीपीएसची एमपीथ्री लागते, गाडीत लावायला, आणि फाइलचं नाव मराठीत नको, कारण त्यांच्या गाडीच्या पडद्यावर मग नुसते चौकोन दिसतात.